नांगर, इंजिन आणि कारभार

(ऊस विकास विभागाकडून)



या पत्रिकेतून आम्ही नेहमी बेणे, लागणीचे अंतर, खताचे हप्ते आणि खोडव्याची निगा यांवर लिहितो. या अंकात ते सारे बाजूला ठेवून एका माणसाची हकिकत सांगणार आहोत. त्याला कारणही तसेच आहे. गट कार्यालयात उसाची नोंद द्यायला येणारे सभासद अलीकडे उसाबरोबर पोरांचीही काळजी सांगून जातात. एकजण म्हणतो, "साहेब, धाकटा अभ्यासात बरा आहे, पण सारखी मोटर खोलून बसतो. ह्याचं करावं काय?" दुसरा म्हणतो, "पोरगा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, पुण्याला कंपनीत लागला, पण पुढं सरकेना." तिसऱ्याने पोराच्या हट्टाने ट्रॅक्टर घेतलेला असतो. पोराला ट्रॅक्टरची नस न् नस ठाऊक, पण बँकेचे हप्ते काही फिटत नाहीत.

तिन्ही प्रश्न वेगळे दिसले तरी मूळ एकच आहे. यंत्र कळणे ही एक विद्या आणि यंत्राच्या जोरावर धंदा चालवणे ही दुसरी विद्या. पहिलीची आवड पोराला उपजत असू शकते. दुसरी मात्र शिकावी लागते, आणि ती आपण घरात कोणी शिकवत नाही. या दोन्ही विद्या ज्याने हस्तगत केल्या असा एक मेकॅनिकल इंजिनिअर आपल्याच मुलखात होऊन गेला. त्याचे आडनाव आपल्यापैकी कित्येकांच्या विहिरीवरील इंजिनावर कोरलेले होते. ते म्हणजे शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

माळावरचा कारखाना

शंतनुरावांची गोष्ट त्यांच्या वडिलांपासून सुरू करावी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुलाला चित्रे काढण्याचा नाद, म्हणून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे ध्यानात आले की, त्यांच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होणे संपले. मग ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलले गेले, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावी आले. बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचा व्यापार केला. सायकलीच्या दुकानातून दुरुस्ती, दुरुस्तीतून कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यातून पुढे लोखंडी नांगर, असा तो प्रवास झाला.

आज लोखंडी नांगराचे कोणाला नवल नाही. त्या काळी मात्र तो घ्यायला कोणी तयार होईना. लाकडी नांगर पिढ्यान् पिढ्या चाललेला. लोखंड लागले की जमीन नासते, रानात विष कालवल्यासारखे होते, अशी समजूत होती. पहिले नांगर खपेपर्यंत दोनेक वर्षे गेली असे सांगतात. नांगर चांगला होता, तरी तो पडून राहिला. आमच्या मते या घराण्याचा धंद्यातील पहिला धडा हाच. चांगली वस्तू बनली म्हणून ती आपोआप खपत नाही. ज्याने ती वापरायची त्याच्या मनातली शंका फिटल्याशिवाय कारखान्याचे चाक फिरत नाही. नवीन वाण घेऊन बांधावर येणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको!

बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा औंध संस्थानचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळ सुमारे ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्ज त्यांनी दिले. सन १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या रानात कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. तीच आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी.

पोर कारखान्यातच वाढले

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूरला झाला. वाडीची वसाहत झाली तेव्हा त्यांना सातवे वर्ष पुरे व्हायचे होते. घर आणि कारखाना हाकेच्या अंतरावर. त्या काळच्या कारखान्यात प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर नसे. एक इंजिन चाले, त्याने छताजवळचा लांब शाफ्ट फिरे आणि त्या शाफ्टवरून उतरलेल्या पट्ट्यांवर लेथ, ड्रिल वगैरे चालत. ज्या पोराने हे रोज पाहिले त्याच्या डोक्यात "हे कशानं फिरतं?" हा प्रश्न आल्याशिवाय कसा राहील? आणि विचारावे तर उत्तर देणारे वडील स्वतः आराखडा काढणारे. आपल्याकडे असा प्रश्न विचारणाऱ्या पोराला "गप बस, हात लावू नको" असे उत्तर मिळते. फरक पडतो तो इथेच.

पण वाडीत त्या पोराला यंत्राखेरीज आणखी काही दिसत होते. वडील यंत्र करीत, तर चुलते रामूअण्णा हिशेब आणि वसाहतीचा कारभार पाहात. चुलत बंधू शंकरराव यांच्याकडे पुढे प्रसिद्धीचे काम आले. कारखान्याची माहिती लोकांपर्यंत जावी म्हणून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्रक निघाले. आपल्या हातातील या पत्रिकेसारखेच ते एका कारखान्याचे पत्रक होते आणि पुढे त्यातूनच महाराष्ट्रात गाजलेले 'किर्लोस्कर' मासिक झाले. त्याच १९२० साली कारखान्याची किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही भागधारकांची कंपनीही झाली. म्हणजे भट्टीतील लोखंड, वहीतील आकडा, गिऱ्हाईकापर्यंत जाणारा शब्द आणि भागधारकाचा पैसा, या चारही गोष्टी त्या मुलाने शिकायला बाहेर पडण्याआधीच घरात पाहिल्या.

बोस्टनजवळची शाळा

वडिलांनी मुलाला अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेत धाडले. तेथून १९२६ साली ते मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन परतले. त्या काळात मराठी घरातील हुशार मुलगा म्हटला की वकिली किंवा सरकारी नोकरी ठरलेली असे. हातात पाना घेण्यासाठी सातासमुद्रापार मुलगा पाठवणारा बाप विरळाच.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच संस्थेत १९१४ सालापासून इंजिनिअरांना कारखान्याचा कारभार शिकवणारा वेगळा अभ्यासक्रम सुरू झालेला होता. कारखाने मोठे झाले, तेव्हा तेथल्या लोकांना कळून चुकले की, नुसता यंत्र जाणणारा माणूस पुरा पडत नाही. माल किती, माणसे किती, वेळ किती आणि पैसा किती, हे ज्याला एकत्र मांडता येते तोच कारखाना चालवतो. आज ज्याला मॅनेजमेंट म्हणतात त्या शास्त्राचा पाया घालण्यात मेकॅनिकल इंजिनिअरांचा वाटा मोठा आहे. फ्रेडरिक टेलर हे कारखान्यात कारागीर म्हणून उमेदवारी करून वर चढले, १८८३ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि १९११ साली त्यांनी शास्त्रीय व्यवस्थापनावर पुस्तक लिहिले. त्यांचे सहकारी हेन्री गँट यांनी कोणते काम कधी सुरू होऊन कधी संपणार याचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते रूढ केले.

हे ऐकून कोणी म्हणेल, याचा आपल्या उसाशी काय संबंध? संबंध आहे. लागणीची तारीख, वाण आणि पक्वता पाहून गटवार जो तोडणी कार्यक्रम लावला जातो, तो एका अर्थाने त्याच जातीचा तक्ता आहे. समजा एखादा कारखाना दिवसाला ४,८०० टन गाळतो. म्हणजे तासाला २०० टन झाले. मिल तीन तास बंद पडली, तर ६०० टन ऊस गव्हाणीबाहेर तटतो. बैलगाडीला दोन टन धरले तर ३०० गाड्या झाल्या! तुटलेल्या उसाचे वजन आणि साखर दोन्ही घटत असतात, म्हणून तो तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळला जावा असे आम्ही सांगतो. बिघडलेली मिल फिटर आणि इंजिनिअर दुरुस्त करतील. पण तेवढ्या वेळात कोणत्या गटाच्या टोळ्या थांबवायच्या आणि कोणाच्या गाड्या आधी घ्यायच्या, हे ठरवणे कारभाराचे काम. दोन्हींपैकी एकही चुकले तरी फटका सभासदालाच बसतो.

मंदीत शिकलेले शहाणपण

शंतनुराव १९२६ साली वाडीला परत आले ते थेट मोठ्या खुर्चीवर बसले नाहीत. ते कारखान्याच्या कामात शिरले. नांगराच्या जोडीला चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पंप असा माल तेथे होत होता. तोच १९२९ साली जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही म्हटल्यावर नांगर कोण घेणार? अशा वेळी कारखान्याने लोखंडी फर्निचरही करून पाहिले. कोणी म्हणेल, नांगर करणाऱ्याने खुर्च्या-टेबले कराव्यात हे काय? पण विचार करा. यंत्र उभे राहिले तरी त्याचे व्याज उभे राहात नाही. शिकवून तयार केलेला कारागीर एकदा घरी गेला की परत मिळत नाही. म्हणून जो माल खपेल तो करायचा, पण भट्टी विझू द्यायची नाही. पुस्तकातील इंजिनिअरिंगमध्ये हे नसते. ते शहाणपण मंदीने शिकवले.

पुढे पसारा वाढत गेला. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ वगैरे यंत्रांचा कारखाना निघाला. १९४६ साली बंगलोरला विजेच्या मोटारींचा आणि त्याच साली पुण्याजवळ खडकीला तेलाच्या इंजिनांचा कारखाना स्थापन झाला. या शेवटच्या कारखान्याची, म्हणजे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची, धुरा शंतनुरावांनी घेतली. वाटेत संकटेही आली. १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळपोळीत सापडला. जळालेले शेड उभारणे एकवेळ सोपे, पण माणसांची मने उभारणे अवघड. तरीही वाडी पुन्हा उभी राहिली.

विहिरीवरचे इंजिन

आता आपल्या रानात येऊ. ज्येष्ठ सभासदांना मोट आठवत असेल. पहाटे बैल जुंपायचे, धावेवरून मागे-पुढे करायचे आणि दिवसभरात जे भिजेल ते आपले. आडसाली ऊस तर १६ ते १८ महिने रानात उभा असतो. त्याची तहान बैलाच्या खांद्यावर कितीशी भागणार? विहिरीवर तेलाचे इंजिन आणि पंप आला, तेव्हा उसाचे क्षेत्र वाढवण्याची हिंमत आली. आपल्या राज्यातील सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरानगरला झाली आणि तेथे १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झाले. इंजिन-पंपाचा प्रसार आणि साखर कारखान्यांची वाढ या दोन गोष्टी आगेमागे नव्हे, हातात हात घालून झाल्या. रानात पाणी नसते तर गव्हाणीत ऊस नसता.

पण आमचा मुद्दा इंजिनाच्या पुढचा आहे. पाच हॉर्सपॉवरचे इंजिन बनवणारे आणखीही होते. शेतकऱ्याने विश्वास कशावर टाकला? ऐन उन्हाळ्यात इंजिनाचा नोझल किंवा पिस्टनची रिंग गेली, तर तो भाग तालुक्याच्या गावी मिळतो का आणि बसवणारा मिस्त्री जवळपास आहे का, हे पाहून. सुटा भाग मिळायचा तर तो प्रत्येक इंजिनाला बिनचूक बसेल अशा मापाचा हवा. ते काम इंजिनिअरचे. तो दुकानात वेळेवर पोचायला हवा, दुकानदाराला त्यात चार पैसे सुटायला हवेत, मिस्त्री शिकवून तयार करायला हवेत. ते काम कारभाऱ्याचे. वाळत चाललेल्या उसाच्या मालकाला इंजिनिअर आणि कारभारी यांतील भेद कळत नाही. त्याला पाणी पाहिजे असते.

पुढे १९६२ साली अमेरिकेतील कमिन्स कंपनीच्या भागीदारीत पुण्यात मोठ्या डिझेल इंजिनांचा किर्लोस्कर कमिन्स हा कारखाना निघाला. आज तो कमिन्स इंडिया या नावाने चालतो. १९६५ साली शंतनुरावांना पद्मभूषण मिळाले आणि देशातील उद्योगपतींच्या 'फिक्की' या संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राचे नाव 'कॅक्टस अँड रोझेस', म्हणजे निवडुंग आणि गुलाब. निवडुंगाच्या माळावर वाढलेल्या पोराने ते नाव द्यावे, यात सगळे आले. २४ एप्रिल १९९४ रोजी ते निवर्तले.

आपल्या घरातला हिशेब

आता सुरुवातीच्या ट्रॅक्टरवाल्या सभासदाकडे येऊ. ही काही एकट्याची कथा नव्हे, प्रत्येक गटात असे दोन-चार आहेत. पोरगा हुशार, इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा. पण ट्रॅक्टरचा एक तास आपल्याला कितीला पडतो, असे विचारले तर तो डिझेलचा खर्च सांगतो आणि थांबतो.

कागद घेऊन मांडू. समजा ट्रॅक्टर आठ लाखांना पडला आणि तो दहा वर्षे वापरायचा आहे. शेवटी जुना विकून जे येईल ते तूर्त सोडून देऊ. म्हणजे वर्षाला ८०,००० रुपये नुसता घसारा झाला, ट्रॅक्टर चालो अथवा दारात उभा राहो. वर्षात तो ४०० तास चालला, तर तासाला २०० रुपये घसाऱ्याचेच. ८०० तास चालला, तर तेच १०० रुपये. अजून व्याज, विमा, टायर, दुरुस्ती, डिझेल आणि चालकाची मजुरी धरलेलीच नाही. असे असता शेजारी अमुक भावाने नांगरतो म्हणून आपणही तेवढ्यातच नांगरायचे आणि वर्षातले अर्धे दिवस ट्रॅक्टर झाडाखाली उभा करायचा, तर हप्ता फिटणार कोठून? ट्रॅक्टर चांगलाच होता. घेण्याआधी तासांचा हिशेब मांडायला हवा होता. ऊसतोडणी यंत्र घ्यायच्या विचारात असलेल्यांनी तर हा हिशेब चारदा मांडावा, कारण तेथे रक्कम कितीतरी पटीने मोठी आणि काम मात्र हंगामापुरते असते.

आमचे सांगणे एवढेच की, यंत्र दारात येण्याआधी एक वही यावी. रोज किती तास चालले, किती डिझेल लागले, कोणाचे काम झाले, किती पैसे आले आणि किती उधारी राहिली, एवढे पाच रकाने पुरेत. पोराला यंत्राची आवड असेल तर वहीही त्याच्याच हाती द्यावी. सहा महिन्यांत त्याला जे कळेल ते दहा भाषणांनी कळणार नाही.

पोरांसाठी चार शब्द

पोरगं जुनी मोटर खोलत असेल तर खोलू द्या. मात्र वीज तोडलेली आहे ना, हे मोठ्या माणसाने जातीने पाहावे. खोललेले पुन्हा जोडायला लावा. न जुळले तर रागावू नका, मिस्त्रीजवळ बसवा. हे मुलींनाही तितकेच लागू आहे. पानं धरायला मिशा लागत नाहीत.

दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा तीन वर्षांचा असतो आणि डिप्लोमा झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. ज्याला लवकर हाताला काम हवे त्याच्यासाठी आय.टी.आय. आहे. तेथे फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा असतो. तो पुरा करून पुढे डिप्लोमाला जाण्याचीही वाट आहे. साखर धंद्यातच यायचे असेल, तर पुण्याजवळ मांजरी येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. मिल, बॉयलर, टर्बाइन, पॅन आणि सेंट्रिफ्यूगल हे सारे जाणणारी माणसे आपल्याच रानातून तयार व्हावीत, असे आम्हांस मनापासून वाटते.

जो मुलगा कंपनीत लागून "पुढे सरकेना" म्हणतो, त्यालाही एक सांगावेसे वाटते. आपल्या यंत्रापलीकडे पाहा. आपल्याकडे येणारा भाग कोठून येतो, पुढे कोठे जातो, एक नग खराब झाला तर कंपनीला कितीला पडतो, गिऱ्हाईक तक्रार कशाची करते, हे विचारत जा. लहानपणी "हे कशानं फिरतं?" असे विचारत होता, तोच प्रश्न आता अख्ख्या कारखान्याला लावायचा. यंत्र डिझेलने फिरते. कारखाना माल, माणसे, वेळ आणि पैसा यांच्या मेळाने फिरतो.

आणि सभासद बंधूंनो, हे आपल्यालाही लागू आहे. आपण ऊस घालणारे आहोत, तसेच या कारखान्याचे भागधारक, म्हणजे मालकही आहोत. वार्षिक सभेची सूचना आणि अहवाल घरी येतो, तेव्हा उसाच्या दराचे पान पाहून तो फळीवर टाकू नका. गाळप किती, उतारा किती, मिल किती तास बंद राहिली आणि का, दुरुस्तीवर खर्च किती, कर्ज किती, हे पाच आकडे वाचा आणि गेल्या वर्षीच्या आकड्यांशेजारी मांडा. घरात दहावी-बारावीचे पोर असेल तर त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या. समजले नाही ते सभेत विचारा, आमच्या गट कार्यालयात येऊन विचारा. विचारणाऱ्या सभासदाचा कारखाना चालवणाऱ्यांना जाच होत नाही, झाली तर मदतच होते.